गोठ्याची चौथी भिंत

सुनेच्या आजेसासऱ्यांना चार भिंती बांधायचा कंटाळा होता. त्यांनी माळावर नजर टाकली, तर एक भिंत आयतीच उभी दिसली. दोन माणसांच्या उंचीचा, गाय आडवी उभी राहिली तर शेपटासकट झाकली जाईल एवढा रुंद दगड. तो कुणी उभा केला आणि कशासाठी, हे विचारायला जवळपास कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. दगडाला लागून तीन बाजूंनी फळ्या ठोकल्या, वर पत्रे टाकले आणि गाई आत बांधल्या. माळावर तसे दगड आणखीही होते. वेडीवाकडी रांग धरून उभे, एखादा बुटका, एखादा कललेला. पण भिंतीच्या लायकीचा हा एकच.

त्या माळावर वारा पाहुण्यासारखा यायचा नाही. घरजावयासारखा मुक्कामालाच असायचा. उत्तरेच्या खिंडीतून सुटायचा तो सरळ अंगणात. वाळत घातलेलं धोतर एकदा असं गेलं, की सासऱ्यांनी त्याची वाट बघणंही सोडून दिलं. पण दगडाच्या आड तो वारा कापल्यासारखा थांबायचा. गाई तिथे डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि पान्हा सोडायच्या. एका थंडीत पत्र्याचं काम निघालं म्हणून त्या घराच्या आडोशाला बांधल्या होत्या. तेव्हा दूध असं आटलं, की नवरा किटल्या घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेतून ओशाळून परत आला. दुधावरच घर चालत होतं. तेव्हापासून सून त्या दगडावरचा चिखल कधी पायाने पुसायची नाही. हाताने पुसायची.

सुनेच्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, एक स्वभाव होता. घरी आलेल्या माणसाचं म्हणणं ते खोडायचे नाहीत. कुणी म्हणालं, आज पाऊस येणार, तर म्हणायचे, "असेल." लगेच दुसरा म्हणाला, छे, आज कसला पाऊस, तर त्यालाही, "असेल." दगड बघायला शिकलेली माणसं वर्षानुवर्षं यायची, मोजायची, चहा प्यायची आणि जाताना मामंजींना विचारायची.

"बाबा, ही जुन्या लोकांची थडगी. होय ना?"

"असेल."

मग ती माणसं आपापल्या गावी जाऊन लिहायची, की स्थानिक वृद्धांचाही ह्याला दुजोरा आहे. असा दुजोरा मामंजींनी किती जणांना दिला असेल, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. तो जमा होत गेला आणि एके दिवशी साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला.

साहेब आले ते गवतकापणीच्या सुरुवातीला. जुन्या वास्तूंच्या खात्याचे. बारीक, खोकलणारे, आणि बुटांना फार जपणारे. अंगणात शिरताच त्यांनी जपलेला उजवा बूट शेणात घातला. ते थेट गोठ्याच्या दगडापाशी गेले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"इथे नोटीस लावली होती. कुठे गेली?"

"खाल्ली," सासू म्हणाली.

"कुणी?"

"हिने." सासूने मोठ्या गाईकडे हनुवटी उडवली. "खळ पिठाची होती का हो? तिला पिठाची खळ फार आवडते."

"अहो आजी, ती सरकारी नोटीस होती!"

"मग ती काय संपलीय थोडीच?" गाय रवंथ करत होती. "चालूच आहे अजून. थांबा थोडं."

साहेबांनी खोकून घेतलं. मग नोटिशीत काय होतं ते त्यांनी तोंडी सांगितलं. गोठा काढायचा होता. थंडी सुरू व्हायच्या आत.

सुनेने दुधाची बादली खाली ठेवली. "का हो साहेब?"

"ही प्राचीन वास्तू आहे, बाई. हे दगड थडग्यांचे असतील, तर त्यांना गोठा चिकटवणं म्हणजे विटंबना. तारे बघायची जागा असेल, तर गोठा म्हणजे अडथळा. आणि जुना बाजार असेल, तर गोठा म्हणजे भर बाजारात अतिक्रमण."

"पण आहे काय नक्की?"

"तेच तर! तीन जाणकारांची तीन मतं. आणि तिघांनीही साक्षीदार म्हणून एकाच माणसाचा हवाला दिलाय." त्यांनी मामंजींकडे बोट केलं. "बाबा, तुम्ही तिघांनाही हो म्हणालात?"

मामंजींनी मान खाली घातली. पाहुणा समोर उभा होता, त्याचं म्हणणं खोडायचं कसं?

"असेल," ते म्हणाले.

साहेब पायरीवर बसले. सुनेने बुटासाठी पाणी आणलं, काडी दिली. बूट कोरता कोरता ते जरा निवळले. "माझी काही गोठ्याशी दुश्मनी नाही. ते तिघं पुढच्या आठवड्यात इथे येतायत, शेवटची पाहणी करायला. तिघांनीही मला सांगितलं, की ह्या गोठ्यामुळे आमच्या मताला बाधा येत नाही, तर मी कशाला पाडू? पण तिघांनी. एकाने जरी नाही म्हटलं, तर माझ्या हातात काही नाही."

साहेब गेल्यावर सासूने मामंजींची खरडपट्टी काढली. "आयुष्यभर मुंडी हलवलीत. आता गाई काय तुमच्या त्या 'असेल'च्या आडोशाला बांधू?"

मामंजी उठले. विळा घेऊन गवतात गेले आणि अंधार पडेपर्यंत वर मान केली नाही.

तिघं जाणकार एकाच गाडीतून आले, पण एकमेकांशी न बोलता उतरले. सासूने त्यांना गवताच्या कोठारात जागा दिली, मधे पेंढ्या रचून तीन खण करून. थडगेवाले सर लांबट, वाळके. बोलताना खाली जमिनीकडे बघायचे, जणू तिथून कुणी उत्तर देणार आहे. बाजारवाले काका गोल, घामट, हसरे. आणि ताऱ्यांच्या बाई. पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्यांनी अधू, तुटक बोलणाऱ्या. त्यांच्या पिशवीत दोरी, खुंट्या आणि एक पितळी ओळंबा, आणि अंगावरच्या कपड्यांशिवाय दुसरं काही दिसेना.

कापणीचे दिवस होते. पाहुण्यांसाठी काम थांबणार नव्हतं. पहिल्याच सकाळी सासूने थडगेवाल्या सरांच्या हातात दावणीचा दोर दिला. "बोलायचं तर बोला बापडे. पण हात चालू ठेवा. पेंढ्या बांधता बांधताही माणसाला बोलता येतं."

आणि खरंच यायचं. दिवसभर गवतात तिघांचं भांडण चालायचं आणि पेंढ्या पडत जायच्या.

"तुम्ही इतकी वर्षं खणताय," काका म्हणायचे, "एक हाड तरी मिळालं का?"

"नाही मिळालं, हाच पुरावा," सर म्हणायचे. "इतक्या जुन्या माणसाचं हाड उरेलच कसं? मिळालं असतं तर मलाच शंका आली असती."

"आणि बाजार म्हणता," बाई मधेच म्हणायच्या, "तर गिऱ्हाइकं कुठे होती? इथे मैलभर वस्ती नाही."

"गेली. भाव चढले की जातात माणसं."

सुनेला हसू यायचं आणि मग गोठा आठवायचा. ही माणसं वाईट नव्हती. सर कापणीत निरुपयोगी होते, पण खणायला लावलं की थकायचे नाहीत. त्यांनी थडगं शोधायला म्हणून घराच्या मागे जो खड्डा घेतला, त्यात हाड निघालं नाही, पण सासूला हवा होता नेमका तिथे शेणखताचा खड्डा झाला. सासूने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी शास्त्राचं तोंडभर कौतुक केलं. काकांना गाठी छान यायच्या. एक अशी गाठ त्यांनी नवऱ्याला शिकवली, की किटल्या सायकलवर लावताना त्याचा रोजचा शिव्यांचा पाढा निम्म्यावर आला. दोघांशी गोठ्याबद्दल बोलायला सुनेला धीर होता. ह्यांचं मत वाकवता येईल असं तिला वाटायचं. हाडावाचून थडगं चालतं, गिऱ्हाइकावाचून बाजार चालतो, तर गोठ्यासकटही चालेल.

बाईंचं तसं नव्हतं.

एके दुपारी बाईंनी तिला हाक मारली. "अगं, दोरीचं टोक धरतेस? माझे गुडघे दहादा उठबस करत नाहीत."

सून विळा खोचून गेली. बाई रांगेतल्या बुटक्या दगडापाशी बसल्या होत्या. त्यांनी दोरीचं एक टोक त्या दगडाच्या डोक्यावरच्या खाचेत अडकवलं आणि दुसरं सुनेच्या हातात दिलं.

"चालत जा. मोठ्या दगडाच्या दक्षिणेकडच्या कडेला लावून, तिथून सरळ पुढे, त्या डोंगराच्या दिशेने. मी सांगेन कुठे थांबायचं."

सून चालू लागली. दोरी मागे ताणत आली. मोठा दगड जवळ आला, त्याची कड आली, आणि त्या कडेला लागूनच गोठ्याचं दार. दोरी दारातून आत शिरली, दगडाला चाटून गेली, मोठ्या गाईच्या पाठीवरून गेली आणि मागच्या फळ्यांना जाऊन भिडली.

"सरळ आहे का?" बाई लांबून ओरडल्या.

गोठ्याच्या तोंडाशी सासू शेण भरत होती. तिने दोरीकडे पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. "दोन पावलं बाजूला हो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दगडाच्या पलीकडून जाऊ दे दोरी. तिला काय दिसतंय एवढ्या लांबून?"

सुनेने हातातल्या दोरीकडे पाहिलं. दोन पावलं. मोठी गाय मान वळवून दोरी चाटायला लागली होती. तिच्या कासेत संध्याकाळचं दूध दाटलं होतं. पलीकडे कोवळं वासरू दगडाला अंग घासत होतं. दोन पावलं सरकायची, "सरळ आहे" म्हणायचं, संपलं.

"काय झालं गं?" बाईंचा आवाज आला. "मी तुझ्या डोळ्यांनी बघतेय. सांग."

दोरी तिने होती तिथेच धरली. "सरळ आहे," ती ओरडली. "गोठ्यातून जातेय."

सासूने कपाळाला हात लावला, तो शेणाचाच होता.

बाई गुडघे सावरत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी दोरी डोळ्यांनी पुढे नेली, फळीपर्यंत. "वर्षातला सगळ्यात लहान दिवस," त्या म्हणाल्या. "त्या पहाटे बुटक्या दगडावरून बघितलं, तर सूर्य बरोबर ह्या कडेला टेकून वर येणार. त्यासाठीच मांडलेत हे दगड. मी ऐन तारुण्यात हे गणित मांडलं. लोक हसले. लग्न ठरत होतं, तेही ह्या पायी मोडलं. तो म्हणाला, दगड की मी."

"मग?"

"मग काय. दगड निदान उलट बोलत नाहीत."

"तुम्ही बघितलाय, बाई? तसा सूर्य?"

"कसा बघणार? मधे तुमचा गोठा आहे ना," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे. हवा कशी आहे ते सांगावं तसं.

सून दोरी गुंडाळत राहिली. गाईंना कुठे न्यायचं ह्याचा विचार तिने त्या दिवशी पहिल्यांदा खरा खरा केला. माळ सगळा डोळ्यांपुढे आणला. दुसरा आडोसा कुठेच नव्हता.

गंजी रचायच्या दिवशी वारा उठला. सकाळपासूनच त्याची लक्षणं बरी नव्हती. दुपारी त्याने खिंडीतून मुसंडी मारली आणि गोठ्याचा कडेचा पत्रा उचलून आपटायला सुरुवात केली. धाड, धाड. गाई बिथरल्या. नवरा तार आणि पक्कड घेऊन वर चढला, पण पत्रा धरायला कुणीतरी वजनदार हवं होतं.

"काका!" सासू ओरडली. "तुम्हीच!"

काका शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेले आणि शिडीनेच माघार घेतली. मग सर चढले. वाळके असले तरी लांब होते. ते पत्र्यावर पालथे पडले, हातपाय पसरून, गाल पत्र्याला लावून. वाऱ्याने त्यांचा कोट डोक्यावरून उलटा केला. आतून त्यांचा आवाज यायचा, "बांधा! बांधा लवकर! मी अजून जिवंत आहे!"

"थडगेवाले म्हणे," सासू खालून म्हणाली. "आज स्वतःचंच बांधून घेतायत." पण शिडी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. काका खाली तारेला गाठी मारत होते आणि मामंजी त्यांना तार सोडून देत होते.

सून आत गाईंपाशी होती. बाईंनाही वाऱ्याने आत ढकललं होतं. त्यांचे हात गारठून निळसर झाले होते. सुनेने त्यांचे हात धरले आणि मोठ्या गाईच्या जांघेत, कासेच्या वरच्या उबदार भागाला लावले.

बाई दचकल्या. मग त्यांनी हात तिथेच ठेवले. बाहेर वारा दगडावर येऊन आदळत होता, त्याचा नुसता गुरगुराट ऐकू येत होता. आत वाळल्या गवताची काडीसुद्धा हलत नव्हती. एकेक करत गाई शांत झाल्या. सून खाली बसली आणि धार काढायला लागली. बादलीत पहिली धार वाजली, मग दुसरी.

"थांबतो इथे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"वारा."

"हो," सून म्हणाली. "म्हणूनच तर."

ह्यापुढे तिला विनवणी करायची होती. वाक्यंही जुळवली होती तिने, रात्रंदिवस. पण बाई डोळे मिटून गाईला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे हात आत्ता कुठे तांबडे व्हायला लागले होते. अशा माणसाकडे काही मागणं सुनेला जमेना. तिने धार काढली आणि पहिला पेला बाईंना दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ह्या वेळी त्यांनी डावा बूट शेणात घातला. सगळे गोठ्यातच जमले, कारण बाहेर कागद हातात राहत नव्हता. साहेबांना बसायला दूध काढायचं तिपाई स्टूल मिळालं. त्यावर त्यांचे गुडघे कानांशी आले.

"बाबा, आधी तुम्ही," साहेब म्हणाले. "एकदाच काय ते नीट सांगा. तुमच्या वाडवडिलांपासून हे दगड तुमच्याजवळ आहेत. हे आहे काय?"

सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. सासू ओठांनी 'गोठा, गोठा' करत होती. मामंजींनी सरांकडे पाहिलं, त्यांच्या गालावर अजून पत्र्याच्या पन्हळी उमटलेल्या होत्या. काकांकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. तिन्ही पाहुणे. एकाचं खरं म्हणायचं तर दोघांचं खोडावं लागणार.

"मला माहीत नाही, साहेब," ते म्हणाले. "कधीच माहीत नव्हतं. ही माणसं लांबून यायची, थकलेली असायची. नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. चूक माझी."

"मग आज काय सांगता?"

मामंजींनी मागे हात नेऊन दगडाला टेकवला. "ज्यांनी कुणी हा उभा केला ना, त्यांचे हात सोलून निघाले असतील. कुणाची तरी कंबर धरली असेल. कशासाठी केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आम्ही उरलेल्या तीन भिंती बांधल्या, बास. आमचं घर त्यांच्या कष्टावर उभं आहे. ते भेटले असते तर त्यांना एवढंच सांगितलं असतं, की तुमचं काम अजून उपयोगी पडतंय. गाई बऱ्या आहेत."

साहेबांनी हे लिहून घ्यायला पेन उघडलं आणि कुठल्या रकान्यात लिहावं ते न सुचल्याने मिटलं.

सर खाकरले. "तसं पाहिलं तर," ते जमिनीला म्हणाले, "जुने लोक मेलेल्या माणसाजवळ त्याची गुरंढोरं ठेवत असावेत. सोबत म्हणून. ह्या दृष्टीने गोठा... विटंबना नाही. उलट सुसंगत आहे."

"पुरावा?" साहेब म्हणाले.

"गाई," सर म्हणाले.

"आणि बाजार म्हटलं की गुरांचा बाजार आलाच," काकांनी घाई केली. "मी तर म्हणतो, ह्या गोठ्याशिवाय माझं मत लंगडं पडेल. काढूच नका."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते वळले. "बाई?"

सुनेने वासराच्या गळ्यातला दोर घट्ट धरला. बाई मागच्या फळ्यांकडे बघत होत्या, जिथे त्या दुपारी दोरी येऊन भिडली होती.

"माझी रेषा," बाई म्हणाल्या, "दगडाच्या उत्तरेच्या कडेने जाते. बाहेरून. गोठ्याचा काही संबंध नाही."

"नक्की? तुमच्या जुन्या लेखात तर—"

"ते जुनं. ह्या खेपेला पुन्हा मोजलं मी." बाईंनी सुनेकडे बोट दाखवलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "दोरी हिनेच धरली होती."

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. मोडलेलं लग्न, लोकांचं हसणं, इतक्या वर्षांचं गणित. ते सगळं त्या बाईने एका वाक्यात उचलून दगडाच्या दुसऱ्या बाजूला, वाऱ्यात, नेऊन ठेवलं होतं. सुनेने नुसती मान हलवली. अगदी सासऱ्यांसारखी.

"झालं तर मग," साहेब म्हणाले आणि उठले. स्टूलही त्यांच्याबरोबर थोडं उठलं. त्यांचा चेहरा इतका सुटला, की ते दोन पेले दूध प्यायले आणि त्यांचा खोकला गावाच्या वेशीपर्यंत थांबला, असं नवरा पुढे सांगायचा.

निघताना सुनेने बाईंची पिशवी गाडीपर्यंत नेली. आभार मानायला तोंड उघडलं, तर डोळेच आधी भरून आले.

"काही म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "माझे हात किती वर्षांनी गरम झाले माहितीये?"

गाडी गेली. सुनेला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी तिने करवत घेतली, गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी गेली, आणि दोरी भिडली होती त्या फळीवर कोळशाने खूण केली. सासूने विचारलं, "हे काय?"

"भोक पाडतेय."

"गोठा वाचला म्हणून आनंदाने आता तूच पाडणार का? वारा येईल त्यातून!"

"वारा उत्तरेचा, आई. भोक पूर्वेच्या अंगाला. झडपही करते." तिने जुन्या जोड्याच्या चामड्याच्या पट्टीने झडप बसवली. नवऱ्याने बिजागरी ठोकून दिली आणि मामंजींनी कडा घासून गुळगुळीत केल्या, गाईला फळीचं कुसळ लागू नये म्हणून. बाईंना निरोप गेला, की सगळ्यात लहान दिवसाला या, काम आहे.

बाई आल्या. पहाटेच्या थंडीत सून त्यांना हाताला धरून बुटक्या दगडापाशी घेऊन गेली, घोंगडीवर बसवलं आणि गोठ्याकडे धावली. दार उघडलं. झडप वर केली. बुटक्या दगडावरून बघितलं, तर आता दारातून आत, दगडाच्या कडेला चिकटून, भोकाचा चौकोन आणि त्यात फिकट आभाळ. मधे फक्त एक अडचण होती. मोठी गाय.

"सरक गं बाई," सून तिच्या मांडीला खांदा लावून म्हणाली. गाय सरकली नाही. मामंजी आले, नवरा आला. सासू पुढून गवत दाखवत होती. तिघांनी मिळून मागून रेटली तेव्हा ती एवढीशी सरकली, फार उपकार केल्यासारखी.

"दिसतंय का?" सून ओरडली.

"दिसतंय!" बाईंचा आवाज कापत होता. "अगं, दिसतंय! सरळ डोंगर दिसतोय!"

गोठ्यात गाईंच्या श्वासाची वाफ होती. भोकातलं आभाळ पिवळं झालं, मग नारिंगी. सून त्या चौकोनाकडे बघत होती. आणि उजेड आला.

पण भोकातून नाही आला. भोकाच्या उजवीकडे, दोन हातांवर, फळ्यांच्या एका फटीतून सूर्याची लाल सुरी आत शिरली आणि गाईच्या पाठीवर आडवी पडली. भोकात नुसतं आभाळ राहिलं.

मामंजींनी सुनेकडे पाहिलं. सासूने पुढे धरलेलं गवत खाली ठेवलं.

बाई गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू, गोठ्यापर्यंत आल्या. दारात थांबून त्यांनी भोकाकडे पाहिलं, मग फटीकडे. फटीतल्या प्रकाशात धूळ नाचत होती. बाईंनी ओठ ओले केले.

"चुकलंच की," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "इतकी वर्षं—"

"हो ना, बाई," सून घाईने म्हणाली. "माझंच भोक चुकलं. करवत धरायचा हात वाकडा आहे माझा, लहानपणापासून. सासूबाईंना विचारा."

सासूने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "वाकडा म्हणजे?" ती म्हणाली. "हिने कांदा चिरला तरी जिन्यासारखा चिरते."

बाई सुनेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आत येऊन गाईचा दोर धरला आणि खांदा तिच्या कुशीला लावून तिला जोर करून बाजूला दाबलं.

"घाई कर मग," बाई म्हणाल्या. "ही फार वेळ थांबेलसं वाटत नाही."

सुनेने करवत उचलली, भोकाच्या उजव्या कडेला लावली, आणि सूर्य होता तिथपर्यंत कापत गेली.